माडीच्या कार्याची अक्षत

मूठ बंद करावी, असं बाबासो मगदुमांनी भर बैठकीत सांगितलं तेव्हा श्यामलाबाईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. एवढंच. चौदा वर्षं वसतिगृह चालवलेल्या बाईला इतकं कळतं, की ज्यानं विटा दिल्यात त्याच्याशी सिमेंट येईपर्यंत भांडू नये.

बाबासो वाईट माणूस नव्हता. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत, सौदे पुकारून पुकारून कमावलेला आवाज, आणि हात सैल. अध्यक्ष झाल्यापासून दर दिवाळीला मुलींसाठी गुळाच्या ढेपा न सांगता यायच्या. पण त्यांना प्रत्येक गोष्ट शोभेशी लागायची. मूठ त्यांना शोभत नव्हती.

कागदोपत्री तिचं नाव मुष्टिफंड. राजारामपुरीच्या टोकाला माईंनी खेड्यातल्या मुलींसाठी हे वसतिगृह काढलं तेव्हा पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. मग माई पेठापेठांतून बायकांना भेटल्या. सकाळी स्वयंपाकाला धान्य घेताना त्यातली एक मूठ चुलीजवळच्या डब्यात टाकायची, बाकी काही मागणं नाही. दर रविवारी वसतिगृहात कामाला असलेली विठाबाई हातगाडीवाल्या आकारामला घेऊन दारोदार जायची आणि डबे पोत्यात रिकामे करायची. माईंचा दंडक एकच होता: डब्यात डोकावायचं नाही. डबा उचलायचा, पोत्याच्या तोंडाशी उपडा करायचा, परत द्यायचा. कुणी किती दिलं हे देणारीला माहीत आणि देवाला.

त्या पोत्यात ज्वारी असे, तांदूळ असे, कधी नाचणी, कधी मूठभर हरभरे. मुली संध्याकाळी तांदूळ चाळून वेगळा करायच्या आणि उरलेलं सगळं एकत्र दळायला जायचं. त्यामुळे वसतिगृहाच्या भाकरीला ठरावीक रंग नव्हता. नवी मुलगी पहिल्या दिवशी नाक मुरडायची. तीच दिवाळीला गावी गेली की आईला म्हणायची, तुझी भाकरी फिक्की लागते.

माई गेल्यावर श्यामलाबाईंनी त्यात स्वतःची एक भर घातली. मॅट्रिकचा निकाल लागला की मुठीच्या प्रत्येक घरी अर्धा पेढा. अख्खा परवडत नव्हता. "अर्धाच का गं?" असं एकीनं विचारलं तेव्हा विठाबाई म्हणाली होती, "अर्धा पोरीनं खाल्ला. पास ती झालीया, तुमी न्हवं." तेव्हापासून उत्तरेश्वर पेठेपासून कळंब्यापर्यंत जून महिन्यात एकच चर्चा: आमच्या पोरी किती पास झाल्या. ज्यांनी शाळेची पायरी चढली नव्हती त्या बायका हातगाडी अडवून विचारायच्या, "गणितात कमी कसं पडलं? दिवा पुरत न्हाय काय तिथं?" बहात्तरच्या दुष्काळात मुठी लहान झाल्या, पण रविवारी एकही डबा कोरडा वाजला नव्हता.

हे सगळं बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं. बैठकीपुढे विषय माडीचा होता. वसतिगृह भरलं होतं, एका खोलीत मुली दाटीवाटीनं झोपत होत्या, आणि गगनबावड्याकडून आलेले अर्ज परत पाठवायची वेळ आली होती. अठ्ठ्याहत्तर सालचा माघ चालू होता. जूनच्या आत वर माडी चढायला हवी होती.

बाबासोंनी बेत आखला तो दणक्यात. वसतिगृहाच्या आवारात मांडव. पुण्याहून रेडिओवर गाणाऱ्या बाई. गुळाचे अडते, उद्यमनगरातले कारखानदार, दवाखानेवाले, सगळ्यांना सोनेरी कडेची कार्डं. पुढची खुर्ची एकशे एक रुपये, मागची एक्कावन्न. बाबासो जैन आणि निम्मे देणगीदारही, म्हणून जेवण दिवस मावळायच्या आत आणि गाणं त्यानंतर. जिलबी, मसालेभात, पुऱ्या, कांदा-लसूण नाही.

"बाई, राग मानू नका," बाबासो म्हणाले. "पर एकीकडं एकशे एकाचं कार्ड द्यायचं आन् दुसरीकडं हातगाडी घेऊन दारोदार फिरायचं, हे एका तोंडानं बोलता येत न्हाय. लोक मला इचारत्यात, बाबासो, तुमच्या संस्थेची बाई आमच्या मोलकरणीकडनं जुंधळं घेती व्हय? माडी झाली की पाडव्यापासनं मूठ बंद. पोरींस्नी गहू मी धाडतो की."

"आणि मूठ देणाऱ्यांना काय सांगायचं?"

"वझं उतरलं म्हणायचं. त्यात रडणार कोण?"

कोण रडणार हे श्यामलाबाईंना ठाऊक होतं, आणि त्यात पहिलं नाव त्यांचंच होतं. त्यांनी कोषाध्यक्ष यज्ञेश्वर सरांकडे पाहिलं. सर निवृत्त मास्तर. हिशेबापेक्षा माईकवर त्यांचा जीव जास्त, आणि कार्यक्रमाचं निवेदन आधीच त्यांच्याकडे आलं होतं. सर खिडकीतून बाहेर बघू लागले.

"मग कार्यक्रमाचं तरी त्यांना कळवूया," श्यामलाबाई म्हणाल्या. "माझ्या आधीपासून देतायत. माडी होतेय हे परक्याकडून कळू नये."

"कार्डं मोजून छापल्यात."

"कार्ड नको. नुसतं सांगून येईल विठाबाई."

"सांगा की," बाबासो हसले. "सांगायला कुठं पैसं पडत्यात?"

चूक झाली ती इथून पुढे, आणि ती सर्वस्वी श्यामलाबाईंची.

विठाबाई निघताना दारात थांबली. "बाई, मोकळ्या हातानं जायचं?"

श्यामलाबाईंचं माहेर पुण्याच्या मंगळवार पेठेतलं, वडील कचेरीत कारकून. त्या घरात लग्नाला पत्रिका छापत, पोस्टानं पाठवत आणि पाठवलेल्यांवर खूण करत. बायकांच्या हळदीकुंकवाला बोलावणं जायचं ते करंडा घेऊन. तेव्हा त्यांनी विठाबाईच्या हातात कुंकवाचा करंडा दिला. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या सुपाकडे गेली. कालच्याच मुठीतला चाळलेला तांदूळ त्यात होता. त्यांचाच तांदूळ त्यांच्याच घरी परत जावा, हे त्यांना फार सुरेख वाटलं. त्यांनी वाटीभर तांदूळ घेतला, कुंकवात भिजवला, लाल करून केळीच्या पानावर सुकवला आणि विठाबाईच्या फडक्यात बांधला.

"प्रत्येकीला चार दाणे दे," त्या म्हणाल्या. "म्हणावं, रविवारी आपल्याकडे कार्यक्रम आहे, माडीसाठी. बाईंनी आठवण काढलीय."

विठाबाईनं फडकं उलगडून पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. "सगळ्यास्नी?"

"सगळ्यांना."

"बरं," विठाबाई म्हणाली आणि गेली.

कोल्हापूरच्या पेठांमध्ये आणि कळंब्याच्या वस्तीत पत्रिकेला कुणी विचारत नाही. पत्रिका म्हणजे कागद. मुलं तिच्या होड्या करतात. तिथं बोलावणं म्हणजे अक्षत. लाल तांदूळ दारात आला, की त्या घरी कार्य आहे, आपण घरचे आहोत, आणि न जाणं म्हणजे नातं तोडणं. अक्षत पदराच्या गाठीला बांधतात, आणि अक्षतीला रिकाम्या हातानं कुणी जात नाही.

रविवारी ऊन कलायला लागलं तशा मोटारी येऊ लागल्या. बाबासो रेशमी जाकीट घालून फाटकात उभे होते. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, स्टेजवर तंबोरे, स्वयंपाकाच्या मांडवातून जिलबीचा वास. पुण्याच्या बाई वेळेवर आल्या आणि त्यांनी गरम पाणी मागितलं. श्यामलाबाई पानं मांडायला लागलेल्या मुलींकडे बघत होत्या, तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली.

आधी त्यांना वाटलं, कुणाची तरी वरात असेल.

वरात वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत वळली. पुढे उत्तरेश्वर पेठेतली पोरं हलगी बडवत. मागे बायका, लग्नातली लुगडी नेसलेल्या, केसांत अबोली. पुरुष फेटे बांधून. कडेवर पोरं, हातात पिशव्या, पिशव्यांतून डोकावणारे नारळ. त्यांच्या मागे शनिवार पेठ. आणि कळंब्याहून चालत आलेल्या, पायांवर धूळ, त्यांच्या पुढे चिमणाबाई. कळंब्याच्या तळ्याकाठी तिचं दोन गुंठ्यांचं भाजीचं माळवं होतं. मुठीच्या डब्यात तिच्या घरची नाचणी पडायची.

श्यामलाबाई धावत मागच्या फाटकाशी गेल्या.

"बाई, नवरी कुठाय?" चिमणाबाईनं दमलेल्या श्वासात विचारलं.

"नवरी?"

"अक्षत आलीया न्हवं." तिनं पदराची गाठ दाखवली. गाठीतून लाल तांदळाचे चार दाणे दिसत होते. "विठीला मी इचारलं, कुणाचं गं? ती म्हनली, बाईंच्या घरचं हाय. आमी म्हटलं, बाईंस्नी लेकरू न्हाई, तवा पोरींपैकीच एकीचं आसनार. आईबाप लांब असतील, म्हणून बाईंनी काढलंया. खण आणलाय, जोडवी आणल्यात."

श्यामलाबाईंना सगळं एका क्षणात समजलं. पुढच्या फाटकात सोनेरी कार्डं होती, मागच्या फाटकात चार पेठा. पानं कार्डांपुरतीच मांडली होती. बाबासो पाहतील, म्हणतील, हेच मी सांगत होतो. मुठीला पाडव्यापर्यंतसुद्धा आयुष्य उरणार नाही. अजून वेळ होता. हात जोडून सांगता आलं असतं: गैरसमज झाला, तिकीट आहे, माफ करा. त्या परत गेल्या असत्या. निमूटपणे गेल्या असत्या, हेच वाईट होतं. आणि मग कुठल्या तोंडानं जूनमध्ये अर्धा पेढा न्यायचा?

"नवरी नाही, चिमणाबाई," त्या म्हणाल्या. "वर माडी बांधायचीय. मुलींना जागा पुरत नाही. तिचं कार्य आहे."

चिमणाबाईनं घटकाभर विचार केला. मग मागे वळून तिनं हाळी दिली, "माडीचं हाय गंऽ! नवरी न्हाय!"

"मग खण कुणाला लावायचा?" मागून एकीनं विचारलं.

"माडीला लाव!"

"आन् जोडवी?"

"ती माघारी ने. माडीला पाय नसत्यात."

हशा पिकला आणि फाटक उघडलं. ते श्यामलाबाईंनी स्वतःच्या हातानं उघडलं होतं. पुढे कुणी विचारलं तर दुसऱ्यावर ढकलायची सोय त्यांनी ठेवली नाही.

हलगीच्या आवाजानं बाबासो धावत आले. "बाई, हे काय? कुणाची वरात आत घेतलीसा?"

"माझी चूक आहे. मी विठाबाईजवळ अक्षत दिली. मला कळलं नाही."

"अक्षत?" बाबासोंचा चेहरा उतरला. ते कोल्हापूरचे. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. "अवो बाई, अक्षत म्हंजे... किती घरं?"

"सगळी."

बाबासोंनी कपाळाला हात लावला. मग जाकीट ओढलं, घसा खाकरला आणि लोकांना माघारी पाठवण्यासाठी फाटकाकडे निघाले. तीन पावलांवर थांबले. शाहूपुरीच्या बायकांच्या घोळक्यात, इरकल नेसून, काखोटीला कापडी पिशवी मारून, त्यांची आई अक्काताई उभी होती.

"अक्का? तू हितं?"

"अक्षत आलीया मला."

"अगं, मी अध्यक्ष हाय. तुला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीया."

"ती तू ठेवलीस. मला सांगितलंस कवा? घरातला लेक अध्यक्ष, आन् सांगायला यावं लागतंय विठीला." अक्काताईंनी आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "मूठ मी घालतो ह्यांच्याबरोबर, तवा बसणारबी ह्यांच्यासंगट. व्हय बाजूला. दिस मावळायला लागलाय, मला जेवायचंय."

बाबासो बाजूला झाले. कोल्हापुरात माणूस कलेक्टरला अडवील, पण आईला अडवत नाही; आणि आईच्या मागे उभ्या असलेल्या बायकांनाही मग त्याला अडवता येत नाही.

पुढच्या गोष्टी कुणी ठरवल्या नाहीत. जमखाने अंथरले गेले. कनात सोडून मांडव मागे वाढवला गेला. आणि आहेर कुठं द्यायचा म्हणून बायका स्टेजकडे वळल्या, कारण माईक तिथं होता. कार्यात आहेर पुकारला जातो हे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. यज्ञेश्वर सर माईकपाशी होते. त्यांच्या हातात पाहुण्या गायिकेचा परिचय लिहिलेला कागद होता. चिमणाबाईनं त्यांच्यापुढे खण आणि नारळ ठेवला, वर सव्वा रुपया. सरांनी कागदाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, आणि आयुष्यभर दाबून ठेवलेला एक शौक एकदम मोकळा झाला.

"चिमणाबाई, कळंबेकर, यांजकडून माडीच्या कार्यास एक खण, एक श्रीफळ आणि सव्वा रुपया आहेऽर!"

हलगी वाजली. जमखान्यावरून टाळ्या आल्या. पुढच्या खुर्च्यांवर आधी हसू फुटलं. रुमाल तोंडाला लागले. सर थांबेनात. उत्तरेश्वर पेठेकडून तांब्या. शनिवार पेठेतल्या एका घराकडून खराटे दोन, "माडी झाडण्यास." एका म्हातारीकडून अंथरूण. एका सुताराकडून, "माडीच्या पहिल्या खिडकीची चौकट, लाकूड आपलंच." हसू हळूहळू कमी झालं. पाचसात आहेर झाले असतील, पुढच्या रांगेतून सयाजी उठले. उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना होता.

"सर, आमचं नाव राहिलं!"

"आपलं तिकीट आहे, सयाजीराव. तिकीट आहेरात धरता येत नाही."

"म्हंजे खराट्याचं नाव पुकारलं, आन् माझ्या एकशे एकाचं न्हाय?"

"नाही."

"मग लिवा," सयाजी गरजले. "माडीच्या जिन्याला लोखंडी कठडा. खालपासनं वरपत्तर. पुकारा जोरात!"

सरांनी पुकारलं. हलगीनं त्याला दोन ठेके जास्त दिले. मग काय विचारता! गुळाच्या सौद्यात एक बोली लागली की दुसरा अडत्या गप्प बसत नाही. शाहूपुरीच्या रांगेतून सिमेंट आलं, वाळू आली, एका डॉक्टरांनी पंखे बोलले. ज्याचं नाव पुकारलं जाई त्याच्याकडे जमखान्यावरच्या बायका वळून पाहत, आणि तो माणूस उगाच फेटा सावरी. पुण्याच्या बाई विंगेत गरम पाण्याचा तिसरा पेला पीत होत्या. "किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं. "संपतच आलंय," सर माईकवर हात ठेवून म्हणाले. हे ते आधीही म्हणाले होते.

स्वयंपाकाच्या मांडवात श्यामलाबाईंपुढे दुसराच हिशेब होता. मांडलेली पानं कार्डवाल्यांना. उरलेल्यांना काय? अक्षतीला आलेला माणूस उपाशी गेला तर ते घर गावातून उठतं. चिमणाबाई आत आली, रिकाम्या परातींकडे पाहिलं आणि काही न विचारता पदर खोचला.

"बाई, पीठ कुठाय?"

"मुठीचंच आहे. कोठीत."

"मग अडलंय काय? विठे, चुली पेटीव. शनिवार पेठ, भाकरी कोण कोण बडवतंय, या हिकडं."

दिवस अजून कासराभर वर होता. पहिली पंगत बसली. जिलबी वाढली जात असताना अक्काताईंनी वाढणाऱ्या मुलीला थांबवलं. "ती तिकडं थापत्यात ती भाकरी आण. मला रोज वाटायचं, हे दळून लागतं तरी कसं." भाकरी आली, तांबूस, मधेमधे काळसर. अक्काताईंनी तुकडा मोडला, गुळाचा खडा मागितला, खाल्लं. शेजारच्या अडत्यानं ते पाहिलं आणि त्यानंही मागितली. त्या पंगतीत जिलबी उरली.

बाबासोंना मात्र काहीच मिळालं नाही. आहेर स्वीकारायला अध्यक्षच लागतो, तेव्हा ते स्टेजपाशी अडकले होते. नारळ घेत होते, नमस्कार करत होते. मोकळे होऊन पंगतीशी आले तेव्हा सूर्य बुडाला होता. ते आईसमोर रिकाम्या हातांनी उभे राहिले.

"एका दिसानं मरत न्हाईस," अक्काताई म्हणाल्या. "बस. गाणं ऐक."

गाणं छान झालं. पुण्याच्या बाई भल्या निघाल्या. समोर जमखान्यावर पेंगणारी पोरं पाहून त्यांनी शेवटी जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या, आणि चुलीपाशी राहिलेल्या बायकांनी आतून साथ दिली.

सगळे गेल्यावर भांडी घासणाऱ्या विठाबाईजवळ श्यामलाबाई जाऊन बसल्या. "खरं सांग. अक्षत म्हणजे काय ते तुला माहीत होतं ना?"

"व्हय की."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुमी दिलीसा, मी वाटली," विठाबाई परातीवर राख चोळत म्हणाली. "लगीन कुणाचं ते इचारायचं वाटणाऱ्याचं काम न्हवं."

पाडव्याआधीची बैठक आली. मूठ बंद करणे, हा विषय कागदावर तसाच होता. माडीचं काम सुरू झालं होतं. आवारात सिमेंटची पोती होती, सुतारानं चौकट आणून लावलीही होती. श्यामलाबाई रात्रभर उत्तरं जुळवून आल्या होत्या. मुठीनं किती मुली शिकल्या, किती नोकरीला लागल्या. त्यातलं एकही त्यांना बोलावं लागलं नाही.

"हा विषय घ्यायचा कसा?" बाबासोंनी विचारलं. स्वर चिडका होता. "बाई, तुमी लोकांचा आहेर घेतलासा."

"हो."

"घेतला आहेर फेडाय लागतोय. हे तुमाला ठावं हाय का तेबी न्हाय? त्यांच्या घरी कार्य निघालं की आपून जायचं, आपला आहेर पुकारायचा. न्हाई गेलो तर संस्थेचं नाव जातंय. आन् ज्यांच्या घरी जेवायला जायाचं, त्यांचा डबा कसा बंद करायचा? माझ्याच घरात डबा हाय. अक्का म्हणती, मूठ बंद केलीस तर माझं अन्न बंद. तिनं नेम धरलाय मुनीमहाराजांच्यापुढं."

यज्ञेश्वर सर म्हणाले, "मग विषय तहकूब?"

"तहकूब न्हाय, खोडून टाका. आन् चैत्र-वैशाखात लग्नं किती हाईत ते बघा. कोण जाणार सगळीकडं?"

"मी जाईन," श्यामलाबाई म्हणाल्या.

"एकट्या बाईमाणसानं आहेर कसा पुकारायचा? अध्यक्ष नको व्हय बरोबर?" बाबासोंनी सुस्कारा टाकला. "काय करून ठेवलंसा बाई. चार दाणं."

वैशाखात चिमणाबाईच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं, कळंब्याच्या तळ्याकाठी. श्यामलाबाई आणि बाबासो उन्हातून गेले. वसतिगृहाच्या मुलींनी विणलेली चादर आहेर म्हणून नेली होती. लाऊडस्पीकरवर कुणीतरी पुकारलं, "माई वसतिगृह, राजारामपुरी, यांच्याकडून एक चादऽर!" हलगी वाजली. बाबासोंनी नकळत फेटा सावरण्यासाठी हात वर नेला. डोक्यावर टोपी होती.

अंतरपाट धरायची वेळ झाली. भटजी म्हणाले, "मुलीचे मामा?"

चिमणाबाईला भाऊ नव्हता. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर बाबासोंवर थांबली.

"अध्यक्ष, तुमीच या की."

"मी? अगं, जैन माणूस मी. मला कसं चालंल?"

"मामाला जात असती व्हय? माडीला आहेर दिला तवा इचारलं न्हाईसा."

कुणीतरी त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून फेटा गुंडाळायला घेतलाही होता. श्यामलाबाई हसू दाबायला पदर तोंडाशी धरून खाली बघत राहिल्या. बाबासो नवरीच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी दोन वेळा डोळे पुसले. ऊन होतं, हे खरं.

जेवणं झाली. मांडवाबाहेर आकारामची हातगाडी उभी होती आणि विठाबाई पोतं घेऊन आत आली. "रविवार हाय," ती म्हणाली. "लगीन असलं म्हणून फेरी चुकवाय येत न्हाय."

चिमणाबाईनं चुलीजवळून डबा आणला आणि नवरीच्या हातात दिला. त्या घरातली मूठ लहानपणापासून तीच टाकायची. नवरीनं डबा पोत्यात उपडा केला, आणि रिकामा डबा परत द्यायच्या ऐवजी हातातच धरून ठेवला.

"मी ह्यो घेऊन जाऊ का?" ती म्हणाली. "सासरी टाकीन की मूठ."

"सासर कुठं?" बाबासोंनी फेट्याखालून विचारलं.

"वारणानगर."

"अगं, वारणानगरपत्तर हातगाडी कशी यायची?"

नवरीनं मान खाली घातली. डबा मात्र सोडला नाही. श्यामलाबाईंनी बाबासोंकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांना कळलं होतं की या माणसापुढे थोडा वेळ गप्प बसलं की पुरतं.

बाबासोंनी विठाबाईकडे पाहिलं, आकारामकडे पाहिलं, हातगाडीच्या वाकड्या चाकाकडे पाहिलं.

"तिकडनं दुधाची गाडी येती की रोज," ते शेवटी म्हणाले. "डायवर वळखीचा हाय. बोलतो मी त्येच्याशी. पर बाई, एक सांगतो, पुढच्या कार्याला कार्डं छापायची. अक्षत वाटायची न्हाय."

"छापू," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि नवरीच्या डब्याला झाकण शोधायला आत गेल्या.